नदी सरकली, मैदान उरले : कार्डिफच्या आर्म्स पार्कची गोष्ट

मोठे स्टेडियम गावाबाहेर बांधायचे, हा आता बहुतेक शहरांचा शिरस्ता झाला आहे. तिथे जमीन स्वस्त मिळते, गाड्या उभ्या करायला जागा मिळते आणि सामन्याच्या दिवशी शहराची वाट अडत नाही. वेल्सची राजधानी कार्डिफ या बाबतीत अगदी उफराटी! कार्डिफ सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडून पाच मिनिटे चालले की समोर चार पांढरे पोलादी मनोरे दिसतात आणि त्यांच्यामध्ये सुमारे चौऱ्याहत्तर हजार माणसे बसतील असे रग्बीचे अवाढव्य स्टेडियम. एका बाजूला टॅफ नदी, दुसऱ्या बाजूला दुकाने, हॉटेले, बसगाड्या, जुना बाजार. जरा पुढे गेले की किल्ला. भर गावात, जमिनीच्या प्रत्येक फुटाला सोन्याचे मोल असताना, ही एवढी जागा खेळासाठी कशी उरली?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला निघालो, की वाटेत एक इंजिनियर भेटतो, कोळशावर गब्बर झालेले एक उमराव घराणे भेटते आणि आपल्या ओळखीची माणसेही भेटतात. मिल्खासिंग ज्या मातीवर धावले ती माती हीच. रवी शास्त्री ज्या संघाकडून खेळले तो संघ मूळचा इथलाच. आणि जवळच्या क्रिकेट मैदानाला ज्या बाईंचे नाव आहे, त्यांच्या वडिलांचा तर थेट पेशवाईच्या अखेरीशी संबंध!

धक्क्याची गल्ली, पण धक्का कुठे?

स्टेडियमच्या पूर्वेला वेस्टगेट स्ट्रीट हा रस्ता आहे. या रस्त्याला एक छोटी गल्ली येऊन मिळते. तिचे नाव क्वे स्ट्रीट, म्हणजे धक्क्याची गल्ली. आज तिथे ना पाणी, ना होडी. पण दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी टॅफ नदी इथूनच वाहत होती आणि माल चढवा-उतरवायचा गावचा धक्का या गल्लीच्या टोकाशी होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दक्षिण वेल्समध्ये आगगाडी आली. इसाम्बार्ड किंग्डम ब्रुनेल हा त्या काळचा नामांकित इंजिनियर रेल्वेचे काम पाहत होता. कार्डिफच्या स्टेशनासाठी त्याला कोरडी, पुराची भीती नसलेली जागा हवी होती आणि नेमकी तिथे नदी वळण घेत होती. ब्रुनेलने नदीच पश्चिमेला सरकवली. १८४९ ते १८५३ च्या दरम्यान टॅफला नवे, सरळ पात्र मिळाले. जुने पात्र आणि त्याच्या शेजारची दलदल हळूहळू भरून निघाली.

त्या दलदलीला लागून 'कार्डिफ आर्म्स' नावाची एक सराई होती. घोडागाड्यांतून येणारे प्रवासी तिथे उतरत. सराईच्या मागची कुरणाची जागा म्हणजे आर्म्स पार्क. सराई एकोणिसाव्या शतकातच पाडली गेली. तिची वीटही आज दिसत नाही, पण नाव मात्र मागच्या कुरणाला चिकटले ते कायमचे.

ही सारी जमीन होती ब्यूटच्या मार्क्वेस घराण्याची. मार्क्वेस ही ब्रिटनमधली एक मोठी सरदारकी. या घराण्याने १८३९ मध्ये कार्डिफला गोदी बांधली आणि डोंगरातल्या खाणींचा कोळसा जगभर जाऊ लागला. १८०१ च्या शिरगणतीत दोन हजारही वस्ती नसलेले हे गाव शंभर वर्षांत दीड लाखाच्या पुढे गेले. १९१३ साली तर इथून एका वर्षात एक कोटी टनांहून अधिक कोळसा बाहेर पडला. अशा फुगत्या शहरात मोकळी जमीन म्हणजे पैशांची खाण. पण तिसऱ्या मार्क्वेसने हे कुरण शहरवासीयांसाठी मोकळे ठेवले आणि अट घातली, की इथे फक्त खेळ आणि करमणूकच व्हावी. या अटीमुळेच कार्डिफच्या मध्यभागी आज खेळ टिकून आहे.

क्रिकेटवाले आधी, रग्बीवाले नंतर

रग्बीसाठी जगभर गाजलेल्या या मैदानावर पहिला हक्क सांगितला तो क्रिकेटने. १८४० च्या दशकातच क्रिकेटवाले इथे खेळू लागले. कार्डिफचा रग्बी क्लब निघाला १८७६ मध्ये. मग वाटणी झाली. उत्तरेकडच्या भागात क्रिकेट, दक्षिणेकडच्या भागात रग्बी.

आपल्याकडे रग्बी अजून फारशी घरोघरी पोहोचलेली नाही, म्हणून दोन शब्द. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू, चेंडू अंडाकृती. तो हातात घेऊन पळायचे आणि प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. याला 'ट्राय' म्हणतात. पुढे उभ्या असलेल्या साथीदाराकडे चेंडू हाताने फेकता येत नाही, फक्त मागे किंवा बाजूला. थोडक्यात, पळणाऱ्याने पुढे जायचे आणि चेंडू मागे द्यायचा. हा खेळ भारतातही जुना आहे. मुंबईत आझाद मैदानाच्या टोकाला असलेल्या बॉम्बे जिमखान्यावर तो वर्षानुवर्षे खेळला जातो. कलकत्त्याचा रग्बी क्लब तर १८७८ मध्ये बंद पडला, तेव्हा सभासदांनी शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून एक करंडक घडवला. झाकणावर हत्ती आणि मुठींना नाग असलेल्या त्या 'कलकत्ता कप'साठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही दरवर्षी झुंजतात.

आर्म्स पार्कवर पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना झाला १२ एप्रिल १८८४ रोजी. वेल्सने आयर्लंडला हरवले. त्यानंतर नऊ वर्षांनी, जानेवारी १८९३ मध्ये, इंग्लंडविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या दिवशी अशी कडाक्याची थंडी पडली की मैदान दगडासारखे गोठले. सामना रद्द करायचा? कोळशाच्या शहराला ते कसे रुचावे! रात्रभर मैदानावर शेकडो शेगड्या पेटवून ठेवल्या आणि माती मऊ केली. वेल्सने तो सामना १२-११ असा, अवघ्या एका गुणाने जिंकला आणि त्या मोसमात इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड या तिघांनाही हरवून पहिल्यांदा 'तिहेरी मुकुट' मिळवला.

हाकेला ओ, गाण्याने

पण आर्म्स पार्कचे नाव घराघरात गेले ते १६ डिसेंबर १९०५ या दिवशी. कार्डिफला शहराचा दर्जा मिळून दोन महिनेही झाले नव्हते. न्यूझीलंडचा संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर आला होता आणि एकामागून एक संघांचा धुव्वा उडवत कार्डिफला पोहोचला होता. कोणालाच त्यांना हरवता आलेले नव्हते.

सामन्यापूर्वी न्यूझीलंडचे खेळाडू 'हाका' करतात. हा तिथल्या माओरी लोकांचा मांड्या थोपटत, आरोळ्या ठोकत केलेला आव्हानाचा नाच. पाहणाऱ्याच्या अंगावर काटाच येतो. त्याला उत्तर काय द्यावे? वेल्सच्या रग्बी संघटनेतले टॉम विल्यम्स यांनी सुचवले होते, की आपण आपले गाणे म्हणावे. हाका संपला आणि टेडी मॉर्गन या खेळाडूने 'हेन व्लाद वी नहादाय' हे वेल्श राष्ट्रगीत सुरू केले. नावाचा अर्थ, आमच्या वाडवडिलांची भूमी. बघता बघता मैदानावरचे सत्तेचाळीस हजार लोक गाऊ लागले. खेळाच्या सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणण्याचा जगातला पहिला प्रसंग म्हणून याची नोंद केली जाते. आज क्रिकेट असो की हॉकी, आपणही सामन्याआधी 'जन गण मन'साठी उभे राहतो. त्या प्रथेचा उगम शोधत गेले तर वाट कार्डिफला येऊन पोहोचते.

त्या दिवशी सामन्यातला एकमेव ट्राय केला तोही टेडी मॉर्गननेच. तेव्हा ट्रायला तीन गुण असत. निकाल, वेल्स ३, न्यूझीलंड ०. संपूर्ण दौऱ्यातला न्यूझीलंडचा तो एकमेव पराभव ठरला. आपल्या बॉब डीन्सनेही ट्राय केला होता, पण पंचांनी तो नाकारला, असे न्यूझीलंडवाले अजून म्हणतात. शंभराहून अधिक वर्षे झाली, वाद काही मिटलेला नाही. त्या सामन्यातला वेल्सचा कर्णधार होता ग्विन निकल्स. वेस्टगेट स्ट्रीटवर क्वे स्ट्रीटच्या तोंडाशी त्याच्या नावाची लोखंडी स्मारक-दारे आहेत. १९४९ च्या नाताळात ती उभारली गेली. नदीचा जुना धक्का जिथे होता, तिथूनच लोक आत जातात ते असे.

एक मैदान, अनेक संसार

१९२२ मध्ये चौथ्या मार्क्वेसने ही जागा विकली. रग्बी-क्रिकेटवाल्यांच्या पाठबळाने आर्म्स पार्क कंपनीने ती तीस हजार पौंडांना घेतली आणि कार्डिफच्या ॲथलेटिक क्लबला वर्षाला दोनशे पौंड भाड्याने ९९ वर्षांसाठी दिली. मालक बदलला, मैदान मैदानच राहिले.

त्यानंतरच्या काळात इथे काय काय नांदले! दक्षिणेला रग्बी, उत्तरेला क्रिकेट आणि संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात शिकारी कुत्र्यांच्या शर्यती. कुत्र्यांच्या या शर्यती १९२० च्या दशकात सुरू झाल्या आणि १९७७ पर्यंत चालल्या. ग्लॅमॉर्गनचा क्रिकेट संघ १९२१ मध्ये इंग्लिश कौंटी स्पर्धेत दाखल झाला तो याच मैदानावर, आणि पहिलाच सामना ससेक्सविरुद्ध जिंकला. १९३४ मध्ये रग्बीवाल्यांनी उत्तरेला मोठा स्टँड बांधला आणि दोन खेळांच्या मध्ये भिंतच उभी राहिली.

पण माणसे भिंत मानत नव्हती. विल्फ वूलर हे त्याचे उत्तम उदाहरण. १९३५ मध्ये वेल्सने न्यूझीलंडला १३-१२ असे हरवले, त्या रग्बी संघात वूलर होता. दुसऱ्या महायुद्धात तो जपान्यांच्या हाती सापडला आणि सिंगापूरच्या चांगी छावणीत कैदी म्हणून राहिला. परत आला आणि ग्लॅमॉर्गनचा क्रिकेट कर्णधार झाला. १९४८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली ग्लॅमॉर्गनने पहिल्यांदा कौंटी अजिंक्यपद मिळवले.

युद्धाने मैदानालाही सोडले नाही. जानेवारी १९४१ मध्ये जर्मन विमानांनी कार्डिफवर बॉम्ब टाकले, तेव्हा आर्म्स पार्कच्या स्टँडची मोडतोड झाली. युद्ध संपल्यावर डागडुजी झाली आणि लोक पुन्हा गाणी म्हणत येऊ लागले. १९५३ मध्ये वेल्सने इथेच न्यूझीलंडला तिसऱ्यांदा धूळ चारली. त्यानंतर मात्र वेल्सला ते पुन्हा साधलेले नाही. कार्डिफच्या कोणाही वडीलधाऱ्या माणसापाशी १९५३ चे नाव काढा, एक उसासा हमखास ऐकू येतो.

मिल्खासिंगांचे ४६.६ सेकंद

१९५५ मध्ये कार्डिफ अधिकृतपणे वेल्सची राजधानी झाले आणि तीनच वर्षांनी, जुलै १९५८ मध्ये, राष्ट्रकुल स्पर्धा इथे भरल्या. आर्म्स पार्कला लागून 'एम्पायर पूल' हा जलतरण तलाव बांधला गेला. आर्म्स पार्कवर मातकट धावपट्टी आखली गेली. स्पर्धेआधी राणीचा संदेश दंडात घालून हातोहात धावत नेण्याची प्रथाही याच वर्षी सुरू झाली.

या स्पर्धांवर एक सावट होते. दक्षिण आफ्रिकेने केवळ गोऱ्या खेळाडूंचा संघ पाठवला होता. वर्णभेदाविरुद्ध कार्डिफमध्ये निदर्शनेही झाली. त्याच दक्षिण आफ्रिकेचा माल्कम स्पेन्स ४४० यार्डांच्या शर्यतीत सर्वांत प्रबळ मानला जात होता.

२४ जुलै १९५८. भारताचे मिल्खासिंग सुरुवातीपासूनच जीव तोडून धावले. मागे स्पेन्स झपाट्याने अंतर कापत होता. पण फीत तुटली ती मिल्खासिंगांच्या छातीने. वेळ ४६.६ सेकंद. फाळणीत आईवडिलांना डोळ्यांदेखत गमावलेला, निर्वासित म्हणून दिल्लीला आलेला तरुण आर्म्स पार्कच्या विजयस्तंभावर उभा होता आणि तिरंगा वर चढत होता. बक्षीस म्हणून आपण पंतप्रधान नेहरूंकडे देशासाठी एक दिवसाची सुट्टी मागितली आणि ती मिळाली, असे मिल्खासिंग पुढे आयुष्यभर कौतुकाने सांगत.

त्याच स्पर्धांत लीलाराम यांनी कुस्तीत अवजड गटाचे सुवर्णपदक पटकावले. कुस्त्या झाल्या त्या नदीच्या पलीकडच्या सोफिया गार्डन्सच्या पॅव्हिलियनमध्ये. राष्ट्रकुल स्पर्धांत भारताला मिळालेली ही पहिली दोन सुवर्णपदके, दोन्ही कार्डिफची. ॲथलेटिक्समधले पुढचे सुवर्ण मिळायला आपल्याला २०१० च्या दिल्ली स्पर्धेपर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे, थांबावे लागले. मिल्खासिंग २०२१ मध्ये गेले. ती धावपट्टी तर कधीच उखडली गेली. पण भारतीय प्रवाशाने आर्म्स पार्कला गेल्यावर क्षणभर थांबावे, असे हे ठिकाण नक्कीच आहे.

क्रिकेटचे स्थलांतर आणि एक मराठी धागा

रग्बीची गर्दी वाढतच होती. एकाच मैदानावर क्लबचे सामने आणि देशाचे सामने खेळून हिवाळ्यात चिखल व्हायचा. १९६० च्या दशकात तोडगा निघाला. क्रिकेटने हलायचे, क्रिकेटच्या जागी क्लबचे रग्बी मैदान करायचे आणि दक्षिणेचे मैदान वेल्सच्या राष्ट्रीय संघाला द्यायचे. १९६६ चा मोसम संपला आणि ग्लॅमॉर्गनने बोचके बांधले. जायचे तरी कुठे? जेमतेम पाऊण मैलावर, सोफिया गार्डन्सला.

हे नाव दुसऱ्या मार्क्वेसची पत्नी लेडी सोफिया हिचे. तिने १८५० च्या दशकात लोकांसाठी इथे बाग करवली. ही सोफिया म्हणजे लॉर्ड हेस्टिंग्जची मुलगी. कोणता हेस्टिंग्ज? १८१३ ते १८२३ या काळात हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल असलेला. ज्याच्या कारकिर्दीत मराठ्यांशी शेवटचे युद्ध झाले आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तोच! शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला त्या काळच्या गव्हर्नर जनरलच्या मुलीच्या नावाच्या बागेत, मे १९६७ मध्ये, ग्लॅमॉर्गनने नव्या मैदानावरचा पहिला प्रथम श्रेणी सामना खेळला. पाहुणा संघ कोणता होता? भारताचा!

पुढे भारताचे या मैदानाशी चांगलेच जमले. १९६८ मध्ये गारफील्ड सोबर्सने स्वान्सीला एका षटकात सहा षटकार ठोकले ते ग्लॅमॉर्गनच्याच माल्कम नॅशला. त्या विक्रमाची बरोबरी १९८५ मध्ये वानखेडेवर रवी शास्त्री यांनी केली आणि १९८७ पासून हेच शास्त्री ग्लॅमॉर्गनकडून खेळू लागले. २००५ मध्ये सौरव गांगुलीही या संघात होता. जून २०१३ च्या चॅम्पियन्स करंडकात रोहित शर्मा आणि शिखर धवन एकदिवसीय सामन्यात पहिल्यांदा एकत्र सलामीला आले तेही याच मैदानावर, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. धवनने शतक केले, १२७ धावांची सलामी झाली आणि पुढे अनेक वर्षे ही जोडी टिकली. उपांत्य सामन्यात श्रीलंकेलाही भारताने इथेच हरवले.

आत कोण, बाहेर कोण?

आर्म्स पार्कची गोष्ट अशी गोडगोड सांगून संपवता येणार नाही. कोळशाच्या बोटींबरोबर कार्डिफच्या गोदीत सोमालिया, येमेन, पश्चिम आफ्रिका, वेस्ट इंडीज आणि हिंदुस्थानातलेही खलाशी आले. गोदीजवळच्या 'टायगर बे' या वस्तीत त्यांचे संसार झाले. त्यांची मुले टायगर बेच्या गल्ल्यांतून रग्बी खेळतच मोठी झाली. पण मैलभर अंतरावरच्या आर्म्स पार्कवर वेल्सची लाल जर्सी घालणे त्यांच्या नशिबी नव्हते.

बिली बॉस्टन हा असाच एक मुलगा. वडील सिएरा लिओनचे खलाशी. कार्डिफ क्लबकडून आणि वेल्सकडून खेळावे, एवढीच त्याची इच्छा. त्याच्यासाठी ती दारे उघडली नाहीत. अखेर १९५३ मध्ये तो उत्तर इंग्लंडला विगनच्या संघात गेला. तिथे 'रग्बी लीग' हा रग्बीचा वेगळा, पैसे घेऊन खेळायचा प्रकार चाले. विगनसाठी त्याने ४७८ ट्राय केले. कार्डिफचाच क्लाइव्ह सलिव्हन १९७२ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या ग्रेट ब्रिटनच्या लीग संघाचा कर्णधार झाला. ब्रिटनच्या कोणत्याही खेळातल्या राष्ट्रीय संघाचा तो पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. आणि वेल्सच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू यायला १९८३ साल उजाडावे लागले.

शहराने ही चूक उशिरा का होईना, ओळखली. जुलै २०२३ मध्ये कार्डिफ बे भागात बॉस्टन, सलिव्हन आणि लाटव्हियाहून आलेल्या कुटुंबातला गस रिस्मन या तिघांचा पुतळा उभा राहिला. २०२५ मध्ये, नव्वदी ओलांडलेल्या बिली बॉस्टनला 'सर' हा किताब मिळाला. रग्बी लीगमधल्या खेळाडूला मिळालेला तो पहिलाच. स्टेडियम पाहून झाल्यावर पाय मोकळे करत बेकडे जावे आणि हा पुतळाही पाहावा. दोन्ही पाहिल्याशिवाय या शहराच्या रग्बीची गोष्ट पुरी होत नाही.

छत मिटणारे स्टेडियम

दक्षिणेकडचे मैदान 'नॅशनल स्टेडियम' झाले. २७ जानेवारी १९७३ रोजी इथे बार्बेरियन्स संघाने न्यूझीलंडविरुद्ध केलेला एक ट्राय रग्बीच्या इतिहासातला सर्वांत देखणा मानतात. फिल बेनेटने अगदी आपल्याच गोलरेषेजवळून तीन-चार जणांना हुलकावण्या देत चाल सुरू केली. हातोहात चेंडू पुढे गेला आणि गॅरेथ एडवर्ड्सने कोपऱ्यात झेप घेऊन तो टेकवला.

१९९९ चा रग्बी विश्वचषक वेल्सकडे आला तेव्हा मात्र हे स्टेडियम अपुरे वाटू लागले. गावाबाहेर नवे बांधावे, असा सोपा मार्ग होता. वेल्सने तो नाकारला. जुने स्टेडियम १९९७ मध्ये पाडायला घेतले आणि त्याच जागी 'मिलेनियम स्टेडियम' उभे केले. जागा कमी, म्हणून मैदानाची दिशाच काटकोनात फिरवली. आधी पूर्व-पश्चिम असलेले मैदान दक्षिणोत्तर झाले. त्यासाठी १९५८ चा एम्पायर पूल पाडावा लागला आणि नदीकाठाने लाकडी फळ्यांची पायवाट घालावी लागली. खर्च १२१ दशलक्ष पौंड. त्यातले ४६ दशलक्ष लॉटरीच्या निधीतून आले.

या स्टेडियमचे छप्पर उघडते आणि मिटते. दोन भाग, प्रत्येकी सुमारे चारशे टनांचा. वीस मिनिटांत पूर्ण मिटतात. पावसाळी वेल्समध्ये ही मोठीच सोय. पण छप्पर मिटल्यावर खरी गंमत कानांना कळते. चौऱ्याहत्तर हजार गळ्यांतून निघालेले गाणे बाहेर जायला वाट न मिळाल्याने आतच घुमत राहते. १९०५ ला मोकळ्या आकाशाखाली सुरू झालेल्या त्या परंपरेला आता घुमट मिळाला आहे.

पहिला सामना झाला २६ जून १९९९ रोजी. बांधकाम अजून चालूच होते. तरी वेल्सने दक्षिण आफ्रिकेला इतिहासात पहिल्यांदाच हरवले. लंडनचे वेम्ब्ली नव्याने बांधले जात होते त्या काळात, २००१ ते २००६, इंग्लंडच्या एफ. ए. कपचे अंतिम सामनेही इथे झाले. २०१६ पासून एका वित्तसंस्थेशी झालेल्या करारामुळे याचे नाव 'प्रिन्सिपॅलिटी स्टेडियम' झाले. आणि २०२० च्या कोरोना साथीत याच हिरवळीवर तंबू ठोकून दोन हजार खाटांची सोय असलेले रुग्णालय उभारले गेले. त्याचे नाव ठेवले 'ड्रॅगनचे हृदय'. लाल ड्रॅगन हे वेल्सचे राष्ट्रीय चिन्ह.

उत्तरेकडे पाहिलेत, तर एवढ्या देखण्या वर्तुळात एक ठिकाणी खांडोळी दिसेल. त्या बाजूचा स्टँड इतरांइतका उंच गेलेला नाही. कारण पलीकडे पाठीला पाठ लावून कार्डिफ क्लबचे जुने, छोटे मैदान आहे. त्याच्याशी जागेचा सौदा जमला नाही, म्हणून जुन्या नॅशनल स्टेडियमचा उत्तर स्टँड तसाच ठेवावा लागला. तेव्हाचे रग्बी संघटनेचे अध्यक्ष ग्लॅनमोर ग्रिफिथ्स यांच्यावरून लोक थट्टेने त्याला 'ग्लॅनमोरची फट' म्हणतात. कोट्यवधींच्या स्टेडियमला एका क्लबापुढे थांबावे लागले, याचे कार्डिफकरांना दुःख कमी आणि कौतुकच जास्त दिसते! आर्म्स पार्क हे नाव आज या छोट्या मैदानानेच जपले आहे.

जाल तेव्हा

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून कार्डिफची गाडी सुमारे दोन तासांत पोहोचवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा देशांची रग्बी स्पर्धा असते. तेव्हा गेलात तर आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे लाल कपड्यांत, टोपीला डॅफोडिलचे पिवळे फूल खोचून रस्त्यात गात असलेले दिसतील. मात्र त्या दिवसांत राहायची जागा फार आधी ठरवावी लागते. सामना नसेल तेव्हा स्टेडियमची आतून सफर करता येते. खेळाडूंच्या खोल्या दाखवतात आणि बोगद्यातून मैदानाच्या कडेपर्यंत नेतात. मुले यावर फारच खूश होतात.

तिथून बाजारात जावे. १८९१ पासूनच्या या जुन्या मंडईत तव्यावर भाजलेल्या मनुकांच्या गोड टिकिया, 'वेल्श केक', गरमागरम मिळतात. शाकाहारी मंडळींनी त्यात लोणी आहे की चरबी, एवढे विचारून घ्यावे. मग किल्ला पाहून नदीकाठच्या ब्यूट पार्कातून रमतगमत सोफिया गार्डन्सला पोहोचता येते. १९४७ मध्ये पाचव्या मार्क्वेसने किल्ला आणि हे उद्यान शहराला देऊन टाकले.

या साऱ्या फेरफटक्यात एक गोष्ट सतत जाणवत राहते. क्रिकेट इथून गेले, कुत्र्यांच्या शर्यती बंद पडल्या, तलाव पाडला, स्टँड कितीदा तरी बदलले, मैदानाचे तोंडही फिरले. जागा तेवढी खेळाकडेच राहिली. आपल्या मुंबईतली आझाद, ओव्हल आणि क्रॉस ही मैदानेही अशीच योगायोगाने मिळालेली. फोर्टच्या तोफांना मारा करायला मोकळा पट्टा हवा, म्हणून तो रिकामा ठेवला गेला आणि किल्ला गेल्यावर त्याचे तुकडे मुलांच्या वाट्याला आले. तोफ असो की नदी, मैदान मिळते ते पुष्कळदा नशिबाने. मात्र ते टिकवायला कोणीतरी अट घालावी लागते आणि पुढच्या प्रत्येक पिढीने ती पाळावी लागते. कार्डिफने दीडशे वर्षे ती पाळली, म्हणून दर हिवाळ्यात आजोबा आपल्या नातवाचे बोट धरून, पूर्वी जिथे नदी वाहत होती तिथे, गाणे म्हणायला येतात.